मानकं, मणके आणि एक ‘बरं’

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं परिपत्रक चष्मा न लावता वाचायची मला सवय आहे. चष्मा लावला की ते आपल्याला लागू आहे असं वाटायला लागतं. आमच्या रुग्णालयाचे कार्यालय अधीक्षक मराठीचे कडवे अभिमानी. वरून इंग्रजीत काहीही आलं तरी ते आधी त्याचं मराठी करतात आणि मगच आमच्यावर सोडतात. त्या सकाळी त्यांनी सोडलेल्या परिपत्रकाचा मथळा होता, ‘निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची मानके’. मी वाचलं, मणके.

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. पोरं दिवसभर खाटांवर वाकून काम करतात, वॉर्डात बसायला धड स्टूल नाही, त्यांच्या पाठीच्या कण्याचा कुणीतरी विचार केला हे कौतुकाचंच होतं. मी ते परिपत्रक आमच्या हाडांच्या डॉक्टर मित्राला पुढं ढकललं आणि खाली लिहिलं, ‘हे तुझं खातं. पोरांचे मणके बघून घे.’ त्यानं गंभीरपणे उत्तर दिलं, ‘सगळ्यांचे एक्स-रे काढू का?’ मी म्हटलं, काढ. दुपारी कँटीनमध्ये शिरलो तर भूलतज्ज्ञापासून रक्तपेढीवाल्यापर्यंत सगळे आपापल्या पाठीला हात लावून बसलेले.

गोष्ट संचालक मॅडमपर्यंत गेली. त्या हसल्या नाहीत, हेच वाईट झालं. शिक्षक-डॉक्टरांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण होणार होतं, प्रत्येक विभागातून एकानं जायचं होतं आणि कुणीच जायला तयार नव्हतं. मॅडम म्हणाल्या, ज्यांना मानक आणि मणका यातला फरक शिकायचाय त्यांचं नाव पहिलं घाला.

इथं थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं. आमचं रुग्णालय एका ट्रस्टचं, तुळजापूर रस्त्याला. मी तिथं मेडिसिनचा डॉक्टर. ताप, दमा, साखर, बीपी, हृदय, साप, विष, जे कापायचं नाही ते सगळं माझ्याकडं. काही वर्षांपूर्वी ट्रस्टला पदव्युत्तर शिक्षणाच्या जागा मिळाल्या आणि ज्या पत्रानं जागा आल्या त्याच पत्रानं मी शिक्षक झालो. आदल्या संध्याकाळी मी नुसता डॉक्टर होतो. दुसऱ्या सकाळी माझ्या मागं रेसिडेंट चालायला लागले. रेसिडेंट म्हणजे एमबीबीएस झालेली, पुढचं शिकणारी आणि शिकता शिकता अख्खं रुग्णालय ओढणारी पोरं.

त्यांना शिकवायचं कसं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. माझे स्वतःचे सर वॉर्डात यायचे, पेशंटकडं बोट दाखवायचे, ‘कर’ म्हणायचे आणि निघून जायचे. मी केलं. बहुतेक पेशंट वाचले, म्हणजे पद्धत चांगली असणार असा माझा समज. त्यात मी आपली एक सुधारणा केली. मी निघून जात नसे. रेसिडेंटचं ऐकून घ्यायचो, मान हलवायचो, ‘बरं’ म्हणायचो आणि मग निघून जायचो.

प्रशिक्षणाला पुण्याहून एक बालरोगतज्ज्ञ बाई आल्या होत्या. बारीक चणीच्या, आवाज इतका हळू की मागच्या रांगेतल्यांना झोपायला अडचण नव्हती. पहिल्या दिवशी सकाळीच त्यांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला. रेसिडेंट तयार झाला, आता त्याला एकट्याला सोडायला हरकत नाही, हे तुम्हाला कशावरून कळतं?

आम्ही सगळे मिळून शंभरेक वर्षं तरी डॉक्टरकी केलेली माणसं, पण सभागृहातले पंखे ऐकू यायला लागले. शेवटी आमचे सर्जन म्हणाले, मी हात न धुता ऑपरेशन थिएटरमध्ये नुसता उभा राहू शकतो, तेव्हा कळतं. हाडांचा मित्र म्हणाला की पोरानं स्क्रू कसताना माझ्याकडं बघणं बंद केलं की समजायचं. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, ‘माझा फोन वाजायचा थांबतो ना, त्या दिवशी.’ यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकं खरं बोललेलं त्या सभागृहात पूर्वी कुणी ऐकलं नसावं. माझी पाळी आली तेव्हा मी जरा ऐटीत सांगितलं की मला नजरेतच कळतं.

‘कुणाच्या नजरेत?’ बाईंनी विचारलं.

मला वाटलं होतं की प्रश्न संपला. मी म्हटलं, पोराच्या नजरेत. नाही, म्हणजे माझ्या नजरेला. मागून आमचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले की दोघांनाही माझ्या ओपीडीत पाठवा, ड्रॉप टाकून बघतो.

बाईंनी सगळ्यांना हसून घेऊ दिलं. मग त्याच हळू आवाजात दुसरा प्रश्न विचारला. तुमचा रेसिडेंट पेशंटला तपासतोय, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि तुम्ही मध्ये एक अक्षर न बोलता ते बघताय, असं शेवटचं कधी झालं? या वेळी पंखेसुद्धा गप्प झाले, कारण वीज गेली. अंधारात कुणीतरी म्हणालं, ‘चहा सांगा.’

मला मात्र तो प्रश्न चावून बसला. मी पोरांचं ऐकत होतो. त्यांनी लिहिलेलं वाचत होतो. परीक्षेत त्यांना प्रश्न विचारून घाम फोडत होतो. पण त्यांना काम करताना मी बघितलंच नव्हतं. म्हणजे मी गेली कैक वर्षं स्वयंपाक न चाखता नुसता वासावरून मार्क देत होतो. आणि गंमत म्हणजे प्रशिक्षणात मिळालेलं नवीन मानकांचं पुस्तक, ज्याचं परिपत्रक मी मणक्यांचं समजलो होतो, ते पानोपानी हेच म्हणत होतं. किती पेशंट बघितले, किती सुया टोचल्या हे सोडा. एखादं काम तो एकटा करू शकतो, का कुणाच्या देखरेखीखाली करू शकतो, हे स्वतः बघून सांगा.

हे नुसतं कुतूहल राहिलं असतं. पण नेमकं त्याच महिन्यात मला ते सांगावं लागणार होतं.

माझी एक रेसिडेंट होती, दुसऱ्या वर्षाची, मालवणकडची. इथल्या मासळीला ती ‘आजारी मासे’ म्हणायची आणि आमच्या लोकांना वाटायचं ही निदान करतेय. तिची तीन महिन्यांची पाळी उमरग्याला लागणार होती. तिथं हायवेला आमच्या ट्रस्टचं छोटं रुग्णालय आहे. दिवसरात्र ट्रक, त्यातून येणारे अपघात, छातीत दुखणारे ड्रायव्हर, शेतातून येणारे सर्पदंश, अर्धे लोक कन्नड बोलणारे, आणि मेडिसिनची डॉक्टर ती एकटी. जाण्याआधी तिच्या गाईडनं, म्हणजे मी, तातडीच्या पेशंटसाठी दोन चौकोनांपैकी एकात खूण करायची होती. ‘स्वतंत्रपणे’ किंवा ‘देखरेखीखाली’. दुसरी खूण केली तर उमरगा रद्द, पाळी पुढं, परीक्षाही पुढच्या खेपेला. पहिली केली आणि ती तयार नसली, तर भरपाई हायवेवरच्या कुठल्यातरी माणसानं करायची. तिच्या बॅचची बाकीची पोरं परीक्षेच्या तयारीला लागली होती. ती मला रोज काही विचारत नव्हती, पण रोज दिसत होती.

हाडांचा मित्र म्हणाला, ‘प्राध्यापक, तिचा फोन येतो का तुम्हाला?’ मी म्हटलं, फारसा नाही. ‘मग करा की खूण. कामून जीव टांगता ठेवताव पोरीचा?’

पण मी ठरवलं, बघायचं.

पहिल्या दिवशी ओपीडीत तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. पेशंट आला, ‘छातीत दुखतंय’ म्हणाला आणि माझा हात आपोआप त्याच्या मनगटावर गेला. पुढं सगळं मीच विचारलं, मीच तपासलं, मीच औषध लिहिलं. ती शेजारी उभी राहून मला बघत होती. पेशंट गेल्यावर तिनं विचारलं, ‘सर, मी कशी वाटले?’

दुसऱ्या दिवशी मी तोंडात लवंग धरली. दाताखाली लवंग असली की मला बोलता येत नाही, हे घरी सिद्ध झालेलं आहे. ईट गावाहून आलेले एक आजोबा समोर बसले. ती त्यांना विचारत होती, ते उत्तर मात्र मला देत होते. पांढरे केस असले की तोच मोठा डॉक्टर, हा इथला हिशोब. मी मानेनं तिच्याकडं खुणावतोय, ते पुन्हा माझ्याकडं वळतायत. शेवटी त्यांनी तिला हळूच विचारलं, ‘म्याडम, ह्या सायबांची वाचा कवा गेली?’

ती म्हणाली, ‘कालपर्यंत होती, आजोबा.’

‘मंग ह्यांलाच आदी बघा. मी थांबतो.’

तिसऱ्या दिवशी मी कपाटातला जुना चौकडीचा शर्ट काढला, खांद्यावर टॉवेल टाकला, तोंडाला मास्क लावला आणि ओपीडीच्या आत भिंतीला लावलेल्या बाकावर पेशंटच्या नातेवाइकांत जाऊन बसलो. तिला आधी सांगून ठेवलं होतं की आठवड्यात कधीतरी मी बघणार आहे. कधी आणि कुठून, ते सांगितलं नव्हतं. येडशीच्या एका बाईंनी माझ्या मांडीवर भाजीची पिशवी ठेवली आणि ‘जरा धरा, आलेच’ म्हणून त्या लघवी तपासायला गेल्या. रांग लावणाऱ्या वॉर्डबॉय मामांनी मला दोनदा नंबरानं बसायला सांगितलं. पण त्या बाकावरून मला पहिल्यांदा ती दिसली.

आणि काय सांगू, मला मजा वाटायला लागली. ती स्टूल पुढं ओढून पेशंटच्या डोळ्यांच्या उंचीला यायची. स्टेथोस्कोप आधी तळहातावर चोळून ऊब आणायची. एक बाई सारखी ‘अंग दुखतं’ म्हणत होती, तर हिनं विचारलं, घरात कोण कोण असतं, आणि मग खरं दुखणं बाहेर आलं. यातलं एकही मी शिकवलं नव्हतं. मग कुणी शिकवलं, हा प्रश्न मी त्या भाजीच्या पिशवीसकट बराच वेळ घेऊन बसलो.

मग तुळजापूरचे एक निवृत्त गुरुजी आले. चक्कर येत होती. तिनं नाडी धरली, घड्याळ पाहिलं, पुन्हा धरली. ईसीजी काढून आणवला. नाडी हळू चालली होती. गुरुजी हृदयाच्या दोन गोळ्या घेत होते, दोन्ही नाडी हळू करणाऱ्या. कुठली बंद करायची, का दोन्ही, का हृदयातच बिघाड आहे? हा प्रश्न मलाही पडला असता. मी बाकावर पुढं सरकलो. तिनं खिशातून फोन काढला. स्क्रीनवर अंगठा फिरवला. मला माझ्या खिशातल्या फोनची काळजी वाटली, आता वाजेल आणि माझं सोंग उघडं पडेल. पण फोन वाजला नाही. तिनं क्षणभर स्क्रीनकडं बघितलं, फोन परत खिशात टाकला आणि गुरुजींना भरती करून घेतलं, मॉनिटर लावायला सांगितलं.

निर्णय चुकला नव्हता. गुरुजी सुखरूप राहिले. पण तो फोन खिशातून निघाला कशाला आणि परत गेला कशाला, हे मला कळेना. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमच्या हिशोबानं तो न वाजणं म्हणजे पोरगी तयार झाल्याची खूण होती. बाकावरून ती खूण वेगळी दिसत होती.

ओपीडी संपल्यावर मी मास्क काढून तिच्यासमोर बसलो. ती फारशी दचकली नाही. म्हणाली, तुमचे बूट ओळखले होते, सर. मी विचारलं, मला फोन करणार होतीस ना?

‘हो.’

‘मग?’

ती म्हणाली, ‘केला असता तर तुम्ही “बरं” म्हणाला असता.’

मला आधी कळेचना की यात तक्रार कुठली. मी म्हटलं, म्हणालो असतो, मग? आणि मग तिनं जे सांगितलं ते मी इथं माझ्या शब्दांत सांगतो, कारण तिच्या शब्दांत ते जास्त सभ्य होतं. तिच्या गावाकडं ‘बरां’ म्हणजे चांगलं. पहिल्या वर्षी मी रोज राउंडला तिचं ऐकून ‘बरं’ म्हणायचो आणि ही रोज रात्री घरी सांगायची, सरांना माझं काम आवडतं. आई पेढे वाटायचं बोलत होती. मग तिच्याबरोबरच्या लातूरच्या पोरानं तिला बाजूला घेऊन समजावलं की बाई गं, आमच्याकडं ‘बरं’ म्हणजे फक्त ऐकू आलं. कधीकधी तेही नाही. त्यावर तिनं मागचं सगळं आठवून पाहिलं. चुकीचं औषध सांगितलं तेव्हा मी लांबवून ‘बरंऽ’ म्हणालो होतो, ते तिनं विशेष कौतुक समजून जपून ठेवलं होतं.

‘नंतर मी फोन करून बघितले,’ ती म्हणाली. ‘पेशंट सांगितला की बरं. काय करणार ते सांगितलं की बरं. काहीच कळत नाही म्हटलं तरी तुम्ही बरं म्हणून फोन ठेवलात, सर. मग मला वाटलं, “बरं” ऐकायला कशाला फोन करायचा.’

तोंडात आलं ते म्हणालो. ‘बरं.’



त्या रविवारी मी स्वतःच्या ‘बरं’चा अभ्यास केला. बायकोला विचारलं, मी किती तऱ्हेनं ‘बरं’ म्हणतो? ती भाजी निवडत होती. म्हणाली, आखूड म्हणजे ऐकलं नाही, लांब म्हणजे पटलं नाही, दोनदा म्हणजे आता पुरे, आणि ‘बरंय’ म्हणजे चप्पल कुठं ठेवली. मी विचारलं, आणि चांगलं वाटलं तर? तिनं हातातली मेथी खाली ठेवून खरोखर विचार केला. ‘तेव्हा तुम्ही काही म्हणत नाही,’ ती म्हणाली. सोमवारी कँटीनमध्ये बाकीच्यांचीही चौकशी केली. सर्जन ‘हं’ म्हणतात. हाडांचा मित्र ‘चालतंय’ म्हणतो, तुटलेल्या हाडालाही आणि जुळलेल्यालाही. मानकांच्या पुस्तकात ‘अभिप्राय’ नावाचा एक अख्खा धडा होता. कुठलं चांगलं केलं, कुठलं चुकलं, पुढच्या वेळी काय करायचं, हे लगेच आणि नेमकं सांगा. आमच्या अख्ख्या रुग्णालयाचा अभिप्राय मिळून सात अक्षरांचा होता.

खुणेचा प्रश्न मात्र तसाच. मी पुण्याच्या बाईंना फोन लावला आणि सरळ विचारलं, कुठल्या चौकोनात करू? त्यांनी उत्तर दिलंच नाही. हा त्यांचा धंदाच होता. त्यांनी विचारलं, ‘ती उमरग्याला असेल तेव्हा तुम्ही कुठं असाल?’

मी म्हटलं, इथं. त्यांनी फोन ठेवून दिला. मला वाटलं, लाइन कटली. मग हळूहळू कळलं की कटली नव्हती. ती तिथं, मी इथं, मध्ये फक्त फोन.

दुसऱ्या दिवशी मी तिला समोर बसवून आयुष्यातला पहिला अभिप्राय दिला. घाम आला. सांगितलं, तुझा हात चांगला आहे, विचारणं माझ्याहून चांगलं आहे. गुरुजींना भरती केलंस ते बरोबर. अडलं तेव्हा विचारलं नाहीस, ते चूक, आणि त्या चुकीत माझा वाटा मोठा आहे. उमरग्याला तुझ्याकडं यंत्रं कमी असतील. तिथं फोन हेच तुझं सगळ्यात मोठं यंत्र, आणि ते तुला वापरता येत नाही. ते येईपर्यंत मी ‘स्वतंत्रपणे’वर खूण करणार नाही.

तिनं विचारलं, ‘आणि तुम्हाला ते यंत्र वापरता येतं, सर?’

मी म्हटलं, नाही. आपण दोघं शिकू.

जायला दोन आठवडे उरले होते. करार असा झाला की अडलं तर तिनं फोन करायचाच, आणि मी ‘बरं’ म्हणायचं नाही. माझी अवस्था वाईट झाली. पहिले दोन दिवस मी ‘बरं’च्या जागी ‘छान’ म्हणत होतो. ती लगेच विचारायची, ‘छान काय, सर?’ आणि मला खरंच आठवायचं नाही की छान काय होतं, कारण मी ऐकलं नव्हतं. नंतर मी ऐकायला लागलो. ऐकलं की विचारावंसं वाटायला लागलं. तुला काय वाटतं, कशावरून, दुसरं काय असू शकेल. फोन लांबायला लागले. बायको म्हणाली, ‘कुणाशी एवढं बोलताय?’ मी म्हटलं, विद्यार्थिनीशी. ‘बरं,’ ती म्हणाली. ते कुठलं ‘बरं’ होतं ते मला तत्काळ कळलं.

खूण करायच्या मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी वॉर्डाच्या दाराशी उभा होतो. आत एका बाईंना धाप लागली होती आणि ती त्यांच्या खाटेपाशी उभी राहून मला फोन लावत होती. मी मुद्दाम तिथूनच उचलला. ती म्हणाली, सर, दमा आहे का हृदयामुळं छातीत पाणी झालंय, मला ठरवता येत नाहीये, दोन्हीची चिन्हं आहेत. शेजारी त्या बाईंचा नवरा उभा. त्यानं विचारलं, ‘म्याडम, तुमाला येत न्हाय का?’

ती फोनवर हात ठेवून म्हणाली, ‘येतं. पण यात चुकायचं नाहीये, म्हणून विचारते.’

‘इचारा, इचारा,’ तो म्हणाला. ‘आमी म्हशीचं बी दोघांला इचारतो.’

मी आत गेलो नाही. दारातूनच फोनवर बोललो, तिनं पाय दाबून सूज बघितली, मानेच्या शिरा बघितल्या, ठरवलं, औषध दिलं. मग मी ऑफिसात जाऊन पहिल्या चौकोनात खूण केली. अधीक्षक म्हणाले, सर, आज चष्मा लावलाय.

ती उमरग्याला गेली. फोन येत राहिले, कधी साखरेचे, कधी तापाचे. एका सकाळी मी राउंडला असताना आला. आवाज नेहमीपेक्षा सावकाश होता. ट्रकचा एक ड्रायव्हर, बिदरकडचा, रात्री ढाब्यामागं जमिनीवर झोपला होता. पहाटे पोटात दुखून उठला, बरोबरचे म्हणतायत काहीतरी वाईट खाल्लं. अंगावर कुठं डाग नाही, सूज नाही. पण आता पापण्या खाली येतायत आणि एका श्वासात आकडे मोजायला सांगितले तर मघापेक्षा लवकर थांबतोय.

‘मला वाटतं मण्यार चावलीय,’ ती म्हणाली. मण्यार अशी चावते की खूणही दिसत नाही आणि श्वास थांबेपर्यंत माणूस शुद्धीत असतो. ‘सापाच्या विषावरचं प्रतिविष सुरू केलंय. तुमच्याकडं पाठवायचंय. मला कळत नाहीये ते एवढंच, श्वासाची नळी आत्ता घालू, का अजून श्वास चाललाय म्हणून तसाच पाठवू?’

मी विचारलं, मान उशीवरून उचलतोय का? तिनं बघितलं. कशीबशी, म्हणाली. मी विचारलं, तुला काय वाटतं?

‘रस्त्यात श्वास थांबला तर अँब्युलन्समध्ये मला नळी घालता येणार नाही.’

‘मग?’

‘इथंच घालते.’

तिनं फोन स्पीकरवर ठेवला. आणि मग माझी परीक्षा सुरू झाली. मला इथून दिसत काही नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. सिस्टरला सांगितलेली औषधं, स्टीलच्या ट्रेचा आवाज, कन्नडमध्ये त्या ड्रायव्हरला सांगितलेलं काहीतरी, जे ती तिथंच शिकली असणार. माझ्या जिभेवर सूचनांची रांग लागली होती. मान मागं घे, घाई करू नको, दात सांभाळ. माझ्याजवळ लवंग नव्हती. मी स्टेथोस्कोपची रबरी नळी दातांत धरली. राउंडवरची पोरं माझ्याकडं बघत होती आणि मी त्यांच्यासमोर नळी चावत उभा होतो. ते किती वेळ चाललं ते मला विचारू नका.

‘बसली, सर,’ ती म्हणाली. ‘दोन्हीकडं हवा जातेय. निघतोय आम्ही.’

माझ्या तोंडात नळी होती म्हणून बरं, नाहीतर तो शब्द गेलाच होता. मी नळी काढली आणि सांगितलं, डाग नसताना मण्यार ओळखलीस, ते उत्तम. हलवायच्या आधी नळी घातलीस, ते बरोबर. फोन पापण्या पडताना दिसल्या तेव्हाच करायला हवा होता, एवढं पुढच्या वेळी.

ड्रायव्हर आमच्याकडं पोचला, व्हेंटिलेटरवर राहिला, आणि नळी निघाल्यावर त्यानं घोगऱ्या आवाजात पहिली चौकशी ट्रकमधल्या मालाची केली. मी तिला फोन करून हे कळवलं. बोलता बोलता कुतूहल आवरेना म्हणून विचारलं, मानकांत असंही लिहिलंय की विद्यार्थ्यानंही शिक्षकाबद्दल अभिप्राय द्यावा. माझं शिकवणं कसं वाटतं तुला?

पलीकडून हायवेचा आवाज येत होता.

‘बरं, सर,’ म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मी फोन हातात धरून बसलो. ते मालवणी ‘बरां’ नव्हतं, एवढं नक्की. आखूड होतं, सपाट होतं, शेवटाला कापलेलं. लातूरचं पोरगं समोरून चाललं होतं, त्याला थांबवून विचारलं, ती असं असं म्हणाली, याचा अर्थ काय लावायचा?

‘तुम्ही म्हणता तसंच म्हणाली का, सर?’

‘डिट्टो.’

त्यानं थोडा विचार केला. ‘मग आता कुणालाच सांगता यायचं नाही, सर,’ तो म्हणाला, आणि राउंडला गेला.